गळा हवा, नाव नको

आपल्या देशात कलेची देवता स्त्री आहे. वीणा तिच्याच हातात आहे. प्रत्येक स्नेहसंमेलनाच्या आरंभी आपण तिच्या प्रतिमेला हार घालतो, समई लावतो आणि मग पडदा वर जातो. परंतु ज्या जिवंत स्त्रियांनी हाती तंबोरा घेतला, पायांत चाळ बांधले किंवा कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचे धाडस केले, त्यांना या समाजाने कसे वागविले, याचा हिशेब आपण क्वचितच मांडतो. तो मांडावा, म्हणून हा लेख. मी संगीताची जाणकार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पण ग्रंथालयात जे वाचायला मिळाले आणि गावात व उसाच्या फडात जे डोळ्यांनी पाहिले, त्यावरून माझे एक मत बनले आहे. आपल्या समाजाला बाईचा गळा हवा असतो, तिचे नाव नको असते. आणि जिचे नाव कुठे लागत नाही, तिचा पैसाही तिच्या हाती लागत नाही.

अगदी सुरुवातीपासून पाहू. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीचे काम करायला त्यांना एकही स्त्री मिळाली नाही. शेवटी खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवून उभे करावे लागले. म्हणजे आपल्या चित्रपटाची पहिली राणी पुरुष आहे! त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात मात्र दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. पडद्यावर आलेल्या या पहिल्या भारतीय स्त्रिया. दुर्गाबाई काही इतिहास घडवायला निघाल्या नव्हत्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईपुढे लेकीसह पोट भरण्याचा जो प्रश्न असतो, तो त्यांच्यापुढे होता आणि नाटक कंपनीने तो सोडविला होता. कमला पुढे कमलाबाई गोखले झाल्या. ऐन तारुण्यात वैधव्य आले. नाटक-सिनेमात काम करून त्यांनी तीन मुलगे वाढविले. चंद्रकांत गोखले हे त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले हे नातू. नातवाला आम्ही सगळे ओळखतो. पण ‘पडद्यावर आलेली पहिली स्त्री कोण?’ असे मी वर्गात विचारून पाहिले, तेव्हा एकालाही आजीचे नाव सांगता आले नाही.

त्याच काळात रंगभूमीवर बालगंधर्वांचे राज्य होते. त्यांच्या थोरवीबद्दल शंका घेण्याची माझी प्राज्ञा नाही. त्यांची नेसण्याची ढब, केसांतले गजरे यांचे अनुकरण घरंदाज बायका करीत, असे आपण कौतुकाने सांगतो. पण जरा विचार करा. पुरुषाने स्त्री झाले तर त्याचे कौतुक, आणि स्त्रीने स्त्रीचे काम केले तर ती लाज! अशा दिवसांत हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढली, रंगमंचावर भूमिका केल्या, आणि तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. डोक्यावरून पदर घेऊन, शांतपणे बसून, गाण्याशिवाय दुसरे काही न दाखविता त्या गात. बाईचे गाणे हे ऐकण्यासाठी असते, पाहण्यासाठी नव्हे, हे त्यांनी श्रोत्यांना शिकविले. पुढे १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

या थोर गायिकांच्या आडनावांकडे पाहताना मला एक गंमत जाणवली. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर. कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर. वाईच्या यमुनाबाई वाईकर. नारायणगावच्या विठाबाई नारायणगावकर. मंगेशीवरून मंगेशकर. यांतल्या कित्येकींचा जन्म अशा घराण्यांत झाला की जिथे बाईने गायचे-नाचायचे आणि प्रतिष्ठितांनी ते ऐकून तिच्याकडे पाठ फिरवायची, हाच रिवाज होता. बापाचे घराणे सांगून मान मिळण्याची सोय नव्हती. तेव्हा त्यांनी गावाचे नाव खांद्यावर घेतले आणि चारचौघांत नेले. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांच्यावर पृथ्वीवरील निवडक ध्वनींची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. त्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे आणि यादीत त्यांचे नाव ‘केरकर’ या आडनावासह आहे. ज्या केरीत देवळाच्या सेवेतल्या घरी त्या जन्मल्या, त्या केरीचे नाव आज सूर्यमालेच्या कडेला पोचले आहे. ते पोचविणारा कुणी इनामदार नव्हता, जहागीरदार नव्हता. ती एक गाणारी बाई होती!

सिनेमाच्या गाण्यात तर नावाची लढाई उघडउघड लढावी लागली. १९४२ साली मास्टर दीनानाथ गेले, तेव्हा लता मंगेशकर अवघ्या बारा-तेरा वर्षांच्या होत्या आणि मागे चार भावंडे होती. घर चालविण्यासाठी त्या चित्रपटात कामे करू लागल्या. १९४९ साली ‘महल’ चित्रपट आला. त्यातल्या गाण्याने देश वेडा झाला. पण तबकडीवर गाणारीचे नाव काय छापले होते? ‘कामिनी’! कामिनी म्हणजे चित्रपटातील पात्र. गळा लताबाईंचा, चेहरा मधुबालेचा आणि नाव एका काल्पनिक बाईचे. श्रोत्यांनी ‘हे कोण गाते आहे?’ म्हणून आकाशवाणीला विचारणा केली, तेव्हा कुठे खरे नाव लोकांना कळले. १९५७ च्या सुमारास एका चित्रपटाच्या संगीताला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले आणि त्या सोहळ्यात लताबाईंनी गावे, असे ठरले. त्यांनी नकार दिला. पारितोषिक संगीतकाराला आहे, गाणाऱ्याला पारितोषिकच ठेवलेले नाही, मग मी का गावे, हा त्यांचा प्रश्न होता. १९५९ पासून पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू झाले. तबकड्यांच्या विक्रीत गाणाऱ्याचाही वाटा असावा, हा आग्रह त्यांनी साठीच्या दशकात धरला. त्यापायी महंमद रफींसारख्या थोर गायकाशी काही वर्षे दुरावा पत्करला. गाणाऱ्याच्या स्वामित्वधनाचा हा हक्क कायद्यात यायला २०१२ साल उजाडावे लागले. लताबाईंच्या आवाजाबद्दल आपण फार बोलतो. त्यांच्या या हट्टाबद्दल मात्र कमी बोलतो. मला वाटते, मुलींनी त्यांच्याकडून सुरांबरोबर हा हट्टही उचलावा.

इथे कुणी म्हणेल की, मोठमोठ्या स्त्रियांनी आपण होऊनही नाव झाकलेच आहे. खरे आहे. भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ या चित्रपटांना लताबाईंनी ‘आनंदघन’ या नावाने संगीत दिले. शान्ता शेळके यांनी काही गीते ‘डॉ. वसंत अवसरे’ या नावाने लिहिली, कारण तेव्हा त्या सेन्सॉर बोर्डाच्या कामात होत्या. पण फरक लक्षात घ्या. या दोघींनी नाव झाकले ते स्वतःच्या मर्जीने, आणि पुढे जगाला ते कळले तेव्हा त्यांचा मान वाढलाच. मर्जीने घेतलेला पडदा वेगळा आणि दुसऱ्याने तोंडावर ओढलेला पदर वेगळा.

नाव गेले की पैसा कसा जातो, हे पाहायचे असेल तर सिनेमातल्या दोन बायकांची आठवण पुरेशी आहे. ‘कुंकू’ची नायिका शांता आपटे. १९३९ साली कराराच्या वादावरून त्या प्रभात कंपनीच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. कामगारांनी संप करावा तसा एका नटीने सत्याग्रह करावा, हे त्या काळी अघटितच होते. दुसऱ्या वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचे पुस्तक लिहिले. नटीने केवळ सुंदर दिसायचे नसते, हिशेबही मागायचा असतो, हे सांगणारी ही पहिली मराठी बाई, असे मला वाटते.

दुसरी रतन साळगावकर. हे नाव फारसे कुणी ऐकलेले नसेल, कारण ही मुलगी लहान वयातच सिनेमात आली ती हंसा वाडकर होऊन. ‘संत सखू’, ‘लोकशाहीर राम जोशी’, ‘सांगत्ये ऐका’ असे चित्रपट त्यांनी गाजविले. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. पण मिळकतीवर हक्क दुसऱ्यांचा, निर्णय दुसऱ्यांचे आणि बदनामी तेवढी स्वतःची! ‘माणूस’ साप्ताहिकातून आलेले त्यांचे आत्मकथन १९७० साली त्याच नावाने पुस्तकरूपात प्रसिद्ध झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्या वारल्या. त्या पुस्तकात आपल्या मराठवाड्यातल्या एका खेड्याचाही भाग आहे. पडद्यावरची ती राणी काही काळ तिथे राहिली, आणि तिला उंबऱ्याबाहेर पडण्याची मोकळीक नव्हती. ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला. ते खेडे मला ओळखीचे वाटले. या आत्मकथनावर श्याम बेनेगलांनी १९७७ साली ‘भूमिका’ काढला आणि त्यातील कामासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘पाहा, सिनेमात गेली की बाईची अशी दशा होते,’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला त्यांना विचारायचे आहे, गाण्याने कुणाचे वाटोळे झाल्याचे तुम्ही पाहिले आहे काय? वाटोळे होते ते कमाई दुसऱ्याच्या हाती असल्याने, आणि परतीची दारे आपणच बंद केल्याने. तीच बाई शिवणकाम करती आणि तिची कमाई कुणी काढून घेता, तर आपण शिवणाला दोष दिला असता का?

आता तमाशाकडे येऊ. विठाबाईंच्या फडाचे नाव ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ असे होते. स्वतःचे नाव, बापाचे नाव, जात आणि गाव, काहीही न लपविता पाटीवर! दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, कळा आल्यावर आत जाऊन बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या, ही हकिकत महाराष्ट्र अभिमानाने सांगतो. मला त्यात अभिमानापेक्षा शरम जास्त वाटते. बाळंतपणाला एक रात्र सुट्टी घेता येऊ नये, अशी ती कोणती कलासेवा? १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला, तरी अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली त्या गेल्या. आज राज्य शासन तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने देते. कांताबाई सातारकरांनी तर शिवछत्रपतींची भूमिका केली. तुकाराम खेडकरांच्या मागे त्यांनी स्वतःचा फड उभा केला. २०२१ साली करोनाच्या लाटेत त्या गेल्या. ज्या गावाने रात्रभर शिट्ट्या मारल्या, त्याच गावाने सकाळी ‘तमाशावाली’ म्हणून तोंड फिरविले, हा अनुभव या क्षेत्रातल्या बायकांनी पुनःपुन्हा सांगितला आहे.

फड हा शब्द तमाशाचाही आहे आणि उसाचाही आहे. आमचे लिंबागणेश बालाघाटाच्या डोंगरात वसलेले. भालचंद्र गणपतीच्या देवळामुळे ते दूरवर ठाऊक आहे, पण दसऱ्यानंतर या भागातल्या कित्येक घरांना कुलूप लागते. माझे आईवडीलही टोळीबरोबर कारखान्यावर जातात. तिथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. ऊस दोघे तोडतात, मोळ्या बाई डोक्यावर वाहते, पण मुकादमाच्या वहीत नाव गड्याचे आणि उचलही गड्याच्या हातात. अर्धा कोयता बाईचा, पण वहीत ती नाहीच. आता सांगा, ‘महल’च्या तबकडीवरची कामिनी आणि मुकादमाच्या वहीतली माझी आई यांत फार अंतर आहे काय?

आणि माझी आई गातेसुद्धा. पंचमीची गाणी, हळदीची गाणी, आराध्यांची गाणी, आजीकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या, सगळे तिला तोंडपाठ आहे. कोपीसमोर भाकरी थापताना ती गुणगुणते, तेव्हा शेजारच्या कोपीतल्या बायका गप्प होऊन ऐकतात. जाते गेले, गिरणी आली आणि ओव्यांना जागाच उरली नाही. हेमा रायरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्राच्या गावागावांत हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बायकांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. या संग्रहाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की, ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि तिचे गाव लिहून ठेवले आहे. लोकसाहित्य हे ‘अनामिकांचे’ असते, असे आम्हांला पाठ्यपुस्तकात शिकवितात. परीक्षेत मीही तसेच लिहिले आहे. पण ओवी रचणारी बाई अनामिक कधीच नव्हती. तिला नाव होते. लिहून घेणाऱ्याने ते विचारले नाही, इतकेच.

हे सगळे मी दुरून बोलत नाही. गेल्या वर्षी संमेलनात मी गायले. गाण्याला घरून विरोध नव्हता. पण एक पाहुणे आबांना म्हणाले, ‘‘पोरीला गाऊ द्या की, कोण नको म्हणतंय? फक्त पत्रिकेत नाव नका येऊ देऊ. उद्या सोयरिक जमवायचीय.’’ पत्रिकेत छापून आले: ‘भावगीत – प्रथम वर्षाची विद्यार्थिनी’. त्याच पत्रिकेत ढोलकी वाजविणाऱ्या मुलाचे नाव वडिलांच्या नावासह होते. पाहुणे वाईट नाहीत. माझ्या फीसाठी त्यांनी एकदा पैसेही दिले आहेत. ‘गळा हवा, नाव नको’ हा न्याय चांगल्या माणसांच्या तोंडून येतो, म्हणूनच तो इतका टिकून आहे. आज माझ्या मैत्रिणी मोबाईलवर आपली गाणी टाकतात. चेहरा ओढणीत, नाव कसलेतरी खोटे, भावाला कळू नये म्हणून. शंभर वर्षांपूर्वी स्त्रीचे काम करायला स्त्री मिळत नव्हती. आज स्त्री मिळते, पण तिचे नाव मिळत नाही.

काळ बदलला, असे प्राध्यापक मंडळी म्हणतील. बदलला आहे, हे मलाही मान्य आहे. नाहीतर मी हे लिहू शकले नसते. दूरदर्शन संचावरच्या स्पर्धांत मुली गातात आणि त्यांची नावे मोठ्या अक्षरांत येतात. पण तिथवर पोचायला घरी पेटी लागते, गुरू लागतो, शहरात खोली लागते. आमच्याकडच्या मुलीच्या वाट्याला यांतले काही नसते. तिच्या वाट्याला असते ते एक स्नेहसंमेलन. तिथेही तिचे नाव पुसले गेले, तर ती जाईल कुठे?

म्हणून माझ्या तीन साध्या मागण्या आहेत. पहिली, यापुढे संमेलनाच्या पत्रिकेत गाणाऱ्या, नाचणाऱ्या, नाटकात काम करणाऱ्या प्रत्येक मुलीचे पूर्ण नाव तिच्या गावासह छापावे. जिला स्वतःला नको असेल तिने तसे सांगावे. पण विचारायचे तिला, तिच्या पाहुण्यांना नव्हे. दुसरी, महाविद्यालयात भजनी मंडळ, आराधी मेळा किंवा गाणाऱ्या बाया बोलाविल्या, तर नारळ आणि खण देऊन त्यांची बोळवण करू नये. मानधन द्यावे आणि ते त्यांच्याच हातात द्यावे. तिसरी, या वार्षिकांकाची चार पाने दर वर्षी आपल्या आयाआज्यांच्या गाण्यांसाठी राखून ठेवावीत. मराठी विभागाने एक वही घालावी. ज्याने त्याने आपल्या घरातल्या बाईकडून दहा ओव्या उतरवून आणाव्यात आणि खाली तिचे नाव व गाव लिहावे. याला फार खर्च येणार नाही.

पुढच्या वर्षीच्या त्या पानांसाठी मी आईला विचारून ठेवले आहे. तिला आधी हसू आले. ‘‘आमच्या गाण्याचं काय छापायचं?’’ म्हणाली. मग चुलीतले लाकूड पुढे सारत म्हणाली, ‘‘नाव घालायचंच तर पुरतं घाल. गावासकट.’’

केरीला केरकर मिळाली, कुर्डीला कुर्डीकर मिळाली, नारायणगावला विठाबाई मिळाल्या. आमच्या लिंबागणेशात गळ्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. ‘लिंबागणेशकर’ हे नाव लावून एखादी मुलगी उद्या मंचावर उभी राहिली, तर टाळ्या वाजविण्याआधी ते नाव नीट ऐका आणि लिहून ठेवा, एवढेच माझे मित्रमैत्रिणींना सांगणे आहे.